खंडेनवमीला घासलेलं वजन

— नाही नाही, उठू नका सहादूभाऊ, बसा. काट्याकडे असं टक लावून बघत राहू नका, त्यानं काटा काही सरकणार नाही. तुमचं पाच किलोचं वजन चौदा ग्रॅम कमी भरतंय हे मला दिसतंय, तुम्हालाही दिसतंय, पण केस होणार नाही. ऐकलंत का? केस होणार नाही. अहो, हात कसले जोडता, खाली घ्या ते हात. मला ठाऊक आहे तुमच्या मनात काय आलं ते — अठ्ठ्याहत्तर साली एकदा सापडलो, आता चौऱ्याऐंशीत दुसऱ्यांदा, आणि दुसऱ्यांदा म्हणजे सरळ आत. बरोबर ना? कायद्यात आहे तसं, नाही कशाला म्हणू. पण कायदा लावणारा माणूस कोण? वजनमापाचा निरीक्षक मीच ना? मग मीच सांगतोय. पाणी प्या. हरसूलची पहिली एसटी धरून आलात, पोटात काही नसेल. प्या आधी.

आता हे कमी का भरतंय — वापरून वापरून झिजतं हो लोखंड, आपटतं, कडा जातात, कोणी जत्रेत कोणी बाजारात कसंही टाकतं — असं मी बाकीच्यांना सांगतो. गेल्या दीड महिन्यात सत्तावन्न दुकानदारांना सांगितलं. झिजलंय, जरा शिसं भरून देतो, नवा शिक्का मारून देतो, चला. सगळे खूश. तुम्हालाही तेच सांगणार होतो. तोंडावर आलं होतं अगदी. पण तुम्ही ते वजन पारड्यातून उचललंत, उलटं केलंत आणि खालच्या शिशावरचा शिक्का अंगठ्यानं पुसून मला दाखवलात. माझाच शिक्का, ब्याऐंशी सालचा. त्याच्या आधी ऐंशीचा, तोही माझाच. दोन्ही वेळा ह्याच टेबलावर. मग माझ्या शिक्क्याचं वजन कमी भरेल कसं? — हेच विचारायचंय ना तुम्हाला? विचारत नाही तुम्ही, घाबरता. घाबरायला मीच शिकवलंय म्हणा.

तर ऐका. पण हे या खोलीतच ठेवा. ही पेटी बघा — सागवानी, आत मखमल, मखमलीत पितळी वजनं, वीस ग्रॅमपासून पाच किलोपर्यंत. लोक म्हणतात साहेबाच्या हातात फार पॉवर आहे. कसली पॉवर? माझ्याकडे काठी नाही, शिपाई नाही, गावात गेलो तर चहासुद्धा लोक भीतीनं पाजतात, प्रेमानं नाही. माझी सगळी ताकद ह्या पेटीत. दिल्लीला एक किलो ठेवलाय काचेच्या आत, त्याला हातसुद्धा लावत नाहीत, चिमट्यानं उचलतात. त्याच्याशी ताडून मुंबईचा. मुंबईच्याशी ताडून आमच्या वरच्या मजल्यावरच्या कपाटातला. कपाटातल्याशी ताडून ही पेटी. आणि पेटीशी ताडून तुमचं वजन. म्हणजे हरसूलच्या बाजारात एखादी बाई पाच किलो नागली घालते ना, ती थेट दिल्लीच्या काचेपर्यंत पोचते. मी पोरांना शाळेत जाऊन हे सांगायचो, फळ्यावर साखळी काढून दाखवायचो. अभिमान वाटायचा हो. खोटं नाही सांगत. आपण बारके आहोत, पण साखळीतले आहोत असं वाटायचं.

मंगळू आठवतो तुम्हाला? आमचा शिपाई. गेला दोन वर्षांपूर्वी पेन्शनीवर. फार देवभोळा आणि कामाला वाघ. खंडेनवमीला ऑफिसात पूजा व्हायची, आजही होते, शस्त्र म्हणून आम्ही काय मांडणार? — काटे, शिक्का मारायचा पंच, हातोडी आणि ही पेटी. झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ मी फोडायचो. अठ्ठ्याहत्तर साली मंगळूला वाटलं, देवापुढे काळवंडलेली वजनं कशी ठेवायची. सकाळी सहाला येऊन बसला मागच्या नळावर, चिंच आणि राख घेऊन. घासली. अशी घासली की सोनं वाटावं. आणि पाच किलोच्या वजनाची ही वरची गुंडी आहे ना, ती फिरते. आत पोकळी असते. त्यात शिशाचे बारके मणी घालून कारखान्यात वजन बरोबर करतात आणि गुंडी घट्ट बसवतात. घासता घासता ती सुटली. मंगळूनं आत बघितलं तर काळे खडे. त्याला वाटलं, कचरा साचलाय इतक्या वर्षांचा. नळाखाली उपडं करून झटकलं, आतून पुसलं, गुंडी फिरवून घट्ट केली. मला सांगायलाही आला कौतुकानं — साहेब, आतूनसुद्धा स्वच्छ केलंय. मी म्हटलं, शाबास. शाबास म्हटलं मी, सहादूभाऊ. आत म्हणजे कुठे हे विचारलंसुद्धा नाही. पूजेची वेळ झाली होती, नारळ हातात होता.

चौदा ग्रॅम गेले त्या मोरीत. काय? हो. तोच आकडा — ऐंशीत, ब्याऐंशीत तुमचं वजन मी ह्याच हलक्या पेटीशी जुळवलं, पेटी दुरुस्त झाली ती आत्ता. तुम्ही हिशेबाला पक्के, तुमच्या लगेच लक्षात आलं. दसरा झाला आणि पंधरवड्यात मी हरसूलला आलो, अचानक तपासणीला, बाजाराच्या दिवशी. तुमच्या ओट्यावर वाड्यांवरची माणसं ओळीनं बसली होती, नागली, वरई, खुरासणी घेऊन. तुम्ही माल विकत घेत होतात. विकणाऱ्याचं वजन हलकं असलं तर गिऱ्हाईक बुडतं, पण घेणाऱ्याचं वजन जड असलं तर शेतकरी बुडतो, म्हणून घेणाऱ्यावर आमचा जास्त डोळा. तुमचं पाच किलो माझ्या पाच किलोसमोर ठेवलं आणि तुमचं पारडं खाली गेलं. तुमचं जड. तुमचं कशाला जड, माझं हलकं झालेलं — पण तेव्हा कोणाला माहीत? तुम्ही म्हणालात, साहेब, नवं हाय, नाशकाहून आणून वीस दिवस झाले नाय, शिक्का बघा. आणि खरंच नवं कोरं होतं. हरसूलच्या अख्ख्या बाजारात नेमकं पाच किलोचं तेवढंच एक वजन असेल. बाकीच्यांची झिजलेली, बोथट, ती माझ्या पेटीशी कशी छान जुळली. सगळ्या बाजारात जे एकच बरोबर होतं ते मी पकडलं. तेव्हाच शंका यायला हवी होती. नव्याचं चुकतंय आणि जुन्यांचं जुळतंय म्हणजे काहीतरी उलटं आहे, हे शेंबड्या पोराला कळेल. मला नाही कळलं. कळून घ्यायचंच नव्हतं, कारण पेटी चुकेल हे माझ्या डोक्यात बसतच नव्हतं. तुमच्याही नाही बसलं. तुम्ही वाद घातला असतात ना, आरडाओरडा केला असतात, तर मी चिडून का होईना वरच्या कपाटाशी ताडून बघितलं असतं. पण तुम्ही म्हणालात, सरकारची पेटी खोटी कशी असंल.

मग मी तो प्रश्न विचारला. तो प्रश्न मला आता रोज ऐकू येतो — माझाच आवाज, माझाच तोरा. मी म्हटलं, शिक्का खरा असेल, पण शिसं उकरून पुन्हा भरता येतं. या वजनाला तुमच्याशिवाय हात कोणाचा लागतो? आणि तुम्ही मान वळवून मागं बघितलंत. काट्यामागं तुमचा भाऊ बसला होता, झुंबर, पोत्याला टेकून, हातात सुतळी. तो हसत होता, काहीतरी गंमत चाललीय असं वाटून. तुम्ही बघितलंत आणि त्याचं हसू गेलं. मी पंचनाम्यात मान घातली. मला वाटलं, झालं, आरोपी सापडला, आपलं काम चोख. कोर्टात तुम्ही गुन्हा कबूल केलात. दंड, खरेदीचा परवाना गेला, वजन जप्त. तुमच्या वकिलानं मला बाहेर सांगितलं की मोठा भाऊ धाकट्याचं अंगावर घेतोय. मी म्हटलं, चांगला माणूस दिसतोय. चांगला माणूस आहात म्हणूनच तर. स्वतःवर घेतलंत, पण विश्वास मात्र पेटीवर ठेवलात, भावावर नाही.

मला कधी कळलं? गेल्या डिसेंबरात. इथल्याच, नाशकातल्या औद्योगिक वसाहतीत एक कारखाना आहे, औषधाच्या गोळ्यांचा. त्यांचे काटे तपासायला गेलो. तिथल्या तपासणी विभागात एक बाई आहेत, लताबाई म्हणतात सगळे, तुमच्या मुलीच्या वयाच्या. मी पेटी उघडली, त्यांचं पाच किलो लावलं, म्हटलं बाई, तुमचं चुकलंय. त्या जराही हडबडल्या नाहीत. कपाट उघडलं, मुंबईच्या प्रयोगशाळेचा दाखला काढला, सहा महिन्यांपूर्वीचा, त्याच्या मागे आधीचा, त्याच्याही मागे त्याच्या आधीचा. ओळीनं लावले टेबलावर. म्हणाल्या, साहेब, आमचे हे आहेत, आता तुमचे दाखवा. इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या, आणि मी पेटीचं झाकण लावून टाकलं. त्यांच्याकडे कोणी विचारो न विचारो, दर सहा महिन्यांनी ताडून बघायचं म्हणजे बघायचं, वर सही दोघांची, एकट्याची चालत नाही. आणि मी सरकार. माझ्याकडे काय होतं? माझ्याकडे रजिस्टर होतं.

रजिस्टर म्हणजे… ते राहू द्या. नाही, सांगतो, आता निम्मं सांगून काय उपयोग. ही पेटी दर वर्षी वरच्या कपाटातल्या वजनांशी ताडायची असा नियम आहे. दोन दिवस लागतात. पंखे बंद, खिडक्या बंद, श्वाससुद्धा जपून घ्यायचा, इतका तो काटा नाजूक. अठ्ठ्याहत्तर साली माझ्या थोरलीचं लग्न ठरत होतं, पाहुणे येऊन बसलेले. मी रजिस्टरात लिहिलं, ताडून पाहिले, बरोबर आढळले. खाली सही. म्हटलं, दिवाळीनंतर करू. दिवाळीनंतर नाही झालं. पुढच्या वर्षी वेळ होता, खरंच होता. पण मागच्या वर्षी केलेलं नाही आणि आता काढलं आणि चुकीचं निघालं तर? तर मागची सही कुठे लपवू? म्हणून पुन्हा लिहिलं, बरोबर आढळले. एकदा चुकवलं ना, की दुसऱ्यांदा करायचीच भीती वाटते. पाच वर्षं पाच ओळी. मंगळूचं नाव मी उगाच पुढं केलं मघाशी. त्याचा काय दोष? त्यानं देवासाठी घासलं. नियम केलाच होता मुळी असल्या मंगळूंसाठी — कोणाच्या हातून पडेल, कोणी घासेल, कोणी खडे झटकेल, म्हणून वर्षातून एकदा बघत जा बाबा. तेवढं माझं काम होतं. त्या दोन दिवसांत सापडलं असतं, तुमची केस कोर्टात उभी राहायच्या आत.

दाखला? हां, तुम्ही म्हणणारच. मी लिहून द्यावं की अठ्ठ्याहत्तर सालचं तुमचं वजन बरोबर होतं. मला नसेल वाटलं का तसं? मी टिपण लिहिलं हो, चार पानी, रजिस्टरसकट सगळं लिहिलं, वर पाठवलं. वरच्या साहेबांनी बोलावून घेतलं, दार लावलं. ते म्हणाले, पाच वर्षांत या पेटीवर किती शिक्के मारलेत? मी म्हटलं, साडेतीन हजारांवर. म्हणाले, मग उद्यापासून साडेतीन हजार दुकानांतली वजनं बेकायदा, प्रत्येक केस पुन्हा उभी, आणि बाजारात कोणी कोणावर विश्वास ठेवायचा? पेटी दुरुस्त करून घ्या, वजनं येतील तशी गुपचूप सारखी करा, टिपण माझ्याकडे राहू द्या. आणि खरं सांगू, ते अगदीच चुकीचं नव्हते बोलत. आणि सिद्ध तरी काय करणार? तुमचं ते जप्त वजन कोर्टाच्या हुकमानं फोडलं, हातोड्यानं दोन तुकडे, भंगारात गेलं. मी स्वतः उभा होतो फोडताना. माझ्या हातात काही नाही, सहादूभाऊ. मी निवृत्तीला आलेला एक साधा निरीक्षक, माझ्या हातात हा पंच आणि ही हातोडी, बाकी काही नाही.

काय झालं? का रडताय? अहो, वजनासाठी… नाही? मग? — झुंबर? काय झुंबरचं? हळू सांगा.

हाकलून दिलंत. कधी? त्याच आठवड्यात. मला हे माहीत नव्हतं. शपथेवर सांगतो, मला वाटलं भावाभावांत चार दिवस अबोला झाला असेल. तो म्हणाला, दादा मी हात नाय लावला, आणि तुम्ही म्हणालात, मग सरकार खोटं बोलतं का. आणि मग? — आई गेली तेव्हा आला होता. दहाव्याला. तुम्ही त्याला ओट्यावरच बसवलंत, आत घेतलं नाहीत. आईच्या दहाव्याला. बायकोनं पाण्याचा तांब्या नेला तर तुम्ही तिला हाक मारून परत बोलावलंत. तो बसला तासभर आणि उठून गेला. मला नका सांगू हो हे. मी ऐकून काय करू? तुमचा काय दोष, तुम्ही पेटीवर विश्वास ठेवलात, विश्वास ठेवावा म्हणूनच ती केलेली असते. अरेरे. सख्खा भाऊ. सहा वर्षं. मला फार वाईट वाटतंय, खरंच फार वाईट वाटतंय. कागद देता येत नाही, पण माणूस म्हणून — अहो, तो इथं कुठं जवळपास असता ना, तर मी स्वतः जाऊन त्याच्यापुढं उभा राहिलो असतो. हात जोडून सांगितलं असतं की बाबा रे, तुझा काही दोष नव्हता, माझी पेटी खोटी होती. पण गेला असेल तो सुरतेकडं नाहीतर मुंबईला, कुठं शोधायचा, नाही का?

सिन्नरला?

सिन्नरला असतो तो? काय करतो? — आडतीवर पोती उचलतो. काट्यावर नाही बसत. बोलावलं तरी बसत नाही. बरं. बरं. म्हणजे तसं जवळच म्हणायचं. हो, जीपा सुटतात ना, तासाभरात… नाही, समजलं मला. समजलं, सहादूभाऊ. कागद नको, सही नको. लिहिता येत नाय तर नका लिहू साहेब, पण बोलता तर येतं ना. असं म्हणताय तुम्ही. तुमच्याबरोबर यायचं, त्याच्यासमोर उभं राहायचं आणि दोन वाक्यं बोलायची. तुमच्या तोंडून तो ऐकून घेणार नाही, माझ्या तोंडून ऐकेल. कारण मी सरकार.

आज? आज कसं जमेल? बाहेर बघा ना, व्हरांड्यात किती माणसं बसलीत. आणि आडतीवर म्हणजे सगळ्यांसमोर. दहा व्यापारी, मापाडी, हमाल. त्यातल्या निम्म्यांच्या वजनांवर माझा शिक्का आहे. एकानं ऐकलं की संध्याकाळी ते इथं नाशकात. बाजूला घेऊन सांगायचं? बाजूला घेतलं तरी तो ओरडणार नाही कशावरून? मी असतो तर ओरडलो असतो. अहो, माझे चौदा महिने राहिलेत. धाकटीचं अजून व्हायचंय. पेन्शनचा कागद त्याच साहेबांच्या टेबलावरून जायचाय, ज्यांच्याकडे ते चार पानी टिपण आहे. मी नाही म्हणत नाही. मी फक्त आज नको म्हणतोय. पुढच्या महिन्यात बघू. किंवा असं करा, निवृत्त झालो की — अगदी दुसऱ्या दिवशी जाऊ आपण, तुम्ही आणि मी. चौदा महिने काय, सहा वर्षं गेली तशी…

असं बघू नका माझ्याकडे.

आणा ते वजन इकडं. हे शिसं भरलं. थांबा, जरा निवू द्या. आता बघा — काटा अगदी मधोमध. पाच किलो, ना कमी ना जास्त. शिक्का मारतो. हे घ्या, चौऱ्याऐंशी. फी नको, राहू द्या, मी भरतो. पिशवी तिकडे खुर्चीवर आहे तुमची. या आता. हरसूलची गाडी साडेबाराला आहे, तीच धरा. आणि जाताना बाहेर सांगा, पुढच्याला आत यायला.